घुमणारी टेकडी

थोरल्या मुलीला जुळं झालं आणि बाळांची नावं कोणी ठेवायची यावरून दोन्ही घरांत महिनाभर अबोला होता, त्या वर्षीची ही गोष्ट. त्याच वर्षी त्या बाळांचा आजोबा पर्यटकांच्या बसवरून निवृत्त झाला. आणि त्याच वर्षी डॉक्टरांनी आजीच्या छातीला नळी लावून एवढा वेळ ऐकलं, की शेवटी तिनेच विचारलं, "काय म्हणतंय ते?"

डॉक्टर हसले नाहीत. हृदयातली एक झडप दमली आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या. मग पेनाला टोपण लावता लावता म्हणाले, "कुठे लांब, उंचावर जायचं मनात असेल तर या उन्हाळ्यात जाऊन या. हळूहळू, बसत उठत. पुढच्या उन्हाळ्याचं मी आत्ता काही बोलत नाही."

नवराबायको दवाखान्याच्या पायऱ्या उतरली. खाली आल्यावर ती म्हणाली, "मग जाऊ या कुठेतरी."

"नेतो की. सांग कुठे नेऊ?"

"नेऊ नका," ती म्हणाली. "या."

त्याने अर्थ विचारला नाही. अर्थ त्याला कळला होता, आणि कळला म्हणूनच तो रस्ता ओलांडताना उगाच दोन्हीकडे चार-चारदा बघत राहिला.

त्याला घरात बाबा म्हणत, बाहेर सगळे ड्रायव्हर म्हणत. त्याने उभ्या आयुष्यात किती डोंगर, किती किनारे, किती राजवाडे दाखवले असतील त्याची गणतीच नाही. सीमेच्या अलीकडचेही आणि पलीकडचेही. पण दाखवले ते दुसऱ्यांना. त्याला स्वतःला हे सगळं जग माहीत होतं ते गाडी लावायच्या जागांवरून. सावली कुठे मिळते, पाणी कुठे भरायचं, मागे घेताना खांब कुठे आडवा येतो, हे त्याला तोंडपाठ. ठिकाणांची खरी नावं त्याच्या जिभेवर कधी बसलीच नाहीत. एकाला तो म्हणायचा 'उतरत्या पार्किंगचा धबधबा', दुसऱ्याला 'तुटक्या नळाचा राजवाडा', आणि एका फार प्रसिद्ध समुद्रकिनाऱ्याला 'कुत्र्यांचा समुद्र', कारण तिथली कुत्री बसच्या सावलीत झोपत आणि निघायच्या वेळी हलता हलत नसत.

यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. त्या धंद्याची रीतच तशी होती. गाडी सोडून जायचं नाही. ज्या उस्तादाने त्याला बस शिकवली त्याने पहिल्याच दिवशी एक हकिकत सांगितली होती. कोणी एक ड्रायव्हर दोन मिनिटं म्हणून दरी बघायला गेला आणि मागे हँडब्रेक सुटून बस चहाच्या टपरीत शिरली. माणसं वाचली, पण त्या ड्रायव्हरला पुन्हा कोणी किल्ली दिली नाही. तेव्हापासून आपल्या ड्रायव्हरने कानाला खडा लावला. प्रवासी वर गेले की तो चाकांना दगड लावी, बसच्या पोटाखाली सतरंजी पसरी आणि पडून राही. झोप लागली तरी एक कान इंजिनावर. तळावर कोणाची गाडी सुरू झाली हे तो डोळे न उघडता सांगे.

लग्नानंतर एकदा त्याने बायकोला बरोबर नेलं होतं, क्लीनरच्या सीटवर बसवून, त्या उतरत्या पार्किंगच्या धबधब्याला. तिने नवी चप्पल घातली होती. तळावर पोहोचल्यावर तो म्हणाला, तू हो पुढे यांच्याबरोबर, मी गाडीपाशी आहे. ती परक्या माणसांच्या घोळक्यातून गेली, परक्या माणसांच्या घोळक्यातून परत आली. त्याने विचारलं, कसा होता? ती म्हणाली, "ओला." त्यावर तो पुष्कळ हसला, आणि पुढे कित्येक वर्षं तळावरच्या इतर ड्रायव्हरांना ही गंमत सांगत राहिला. तिने मात्र पुन्हा कधी बरोबर येते म्हटलं नाही. घरी बसून ती शर्टांना काजं करायची, कपड्यांच्या एका कारखान्यासाठी. गठ्ठा यायचा, गठ्ठा जायचा.

आता ती म्हणाली होती, या.

धाकटी मुलगी सहलींच्या एका ऑफिसात कामाला होती. तिच्या साहेबांचं म्हणणं असं, की लोक नेहमीच्या ठिकाणांना विटले आहेत. पैसे भरून लांब जायचं आणि पुढच्या माणसाचं डोकं बघून परत यायचं. तेव्हा आशिया खंडातली अशी ठिकाणं शोध, जिथे उन्हाळ्यात हवा थंड असते, जिथे अजून रांग लागलेली नाही, आणि जिथे गुडघे दुखणारा म्हातारा माणूसही जाऊ शकतो. हे काम तिने घरी आणलं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर आशियाचा एवढा मोठा नकाशा लावला होता, की फ्रिजचं दार उघडलं की अर्धा समुद्र झाकला जाई. नकाशावर रंगीत टाचण्या टोचलेल्या. जेवता जेवता ती एखादी टाचणी काढी, दुसरीकडे लावी, आणि आमटीचा हात नकाशाला पुसला जाई.

आईचं ऐकल्यावर ती म्हणाली, मग माझ्याबरोबरच चला ना. मला एक ठिकाण स्वतः बघून यायचंच आहे. आई जिथे जाऊ शकेल तिथे कोणीही जाऊ शकेल. आणि एका रविवारी तिने जेवणाच्या टेबलावर फोटो मांडले.

पहिला फोटो पाण्यात खांब रोवून बांधलेल्या गावाचा होता. दारातून पाय बाहेर टाकला की होडी. ड्रायव्हरने चष्मा लावून विचारलं, गाडी कुठे सोडतात? धाकटी म्हणाली, किनाऱ्यावर. तिथून गाव दिसतं का? दिसत नाही. त्याने फोटो बाजूला सारला.

दुसरा एका दरीचा. उन्हाळ्यात तिथे जर्दाळू पिकतात आणि घरांच्या छपरांवर वाळत घालतात, सगळी दरी वरून केशरी दिसते. तो म्हणाला, रस्ता एकेरी आहे. समोरून ट्रक आला तर मागे कोण जाणार? तिसऱ्यात एक बेट होतं, त्यावर वाहनंच नव्हती. मग माणसं राहतात कशाला तिथे, असं त्याने प्रामाणिकपणे विचारलं. चौथ्यात डोंगराच्या कुशीत गरम पाण्याची निळी-हिरवी डबकी होती. ती तर त्याने लगेच नापास केली, कारण गंधकाच्या वाफेने गाडीचा रंग जातो.

धाकटीने कपाळाला हात लावला. "बाबा, गाडी आपली नसणार आहे."

"कोणाची तरी असेलच ना."

बायको टेबलाच्या टोकाला काजं करत बसली होती. तिने सुई बाहीला टोचली आणि धाकटीने आधीच बाजूला टाकलेल्या फोटोंतला एक ओढून घेतला. "ह्यात काय आहे?"

"ते राहू दे गं, त्या फोटोत काहीच येत नाही. वाळूची टेकडी आहे एक. भोवती गवताचं मैदान, लांब बर्फाचे डोंगर. ती टेकडी गाते म्हणतात. पण लोकांना दाखवायचं काय?"

बायकोने फोटो जवळ धरला, लांब धरला. "हेच," ती म्हणाली.

ड्रायव्हरने तो फोटो हातात घेऊन रस्ता शोधला. रस्ता नव्हता. वाळू गाते म्हणजे वारा शिट्टी घालत असेल, बसच्या खिडकीच्या फटीतून घालतो तशी, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. एवढ्यासाठी एवढं लांब जायचं म्हणजे कमालच. पण बायकोने सुई पुन्हा हातात घेतली होती आणि विषय संपला होता.

एक मोठं विमान, मग एक छोटं विमान, आणि मग दिवसभर गाडी. गाडी म्हणजे उंच चाकांची जुनी डिझेल व्हॅन. तिचा मालक हाच तिचा ड्रायव्हर, जाड भुवयांचा, कमी बोलणारा. बोलून उपयोगही नव्हता, कारण त्याची भाषा यांना येत नव्हती आणि यांची त्याला. पण निघायच्या आधी त्याने बॉनेट उघडलं, आपला ड्रायव्हर आपसूक शेजारी जाऊन वाकला, आणि दोघांचं गोत्र जुळलं. मग दिवसभर ड्रायव्हर पुढच्या सीटवर डोळे मिटून इंजिन ऐकत राहिला. चढाला ते कसं कण्हतं, उताराला कसं सुस्कारा टाकतं, उभं असताना कसं धपापतं. संध्याकाळपर्यंत त्या व्हॅनचा स्वभाव त्याला व्याह्याच्या स्वभावासारखा पाठ झाला. बाहेर काय काय गेलं ते मागे बसलेल्या बायकोने पाहिलं. गवत, गवत, गवत, आणि मधेच एखादा घोडा, ज्याचं कोणीच नाही असा.

वाटेत सगळ्यांना आईची काळजी, आणि आडवी झाली धाकटी. वळणांनी तिच्या पोटात ढवळून निघालं. आई शेजारी बसून उकडलेली अंडी सोलून खात होती आणि मध्येच लेकीची पाठ चोळत होती. "लिहून ठेव तुझ्या ऑफिसासाठी," ती म्हणाली, "म्हातारी माणसं चालतील, तरणी चालणार नाहीत."

पत्र्याच्या छपराच्या चार खोल्या होत्या, तिथे मुक्काम केला. रात्री पाऊस झाला. सकाळी व्हॅन टेकडीच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली तेव्हा समोर एक मोठा तपकिरी ढीग दिसत होता, बांधकामावर टाकतात तसा, फक्त कित्येक पट मोठा. आवाज नाही, काही नाही. व्हॅनवाला उतरला, मूठभर वाळू उचलून त्याने दाबली. तिचा लाडू झाला. त्याने मान हलवली, सूर्याकडे बोट दाखवलं आणि तो हात हळूहळू पश्चिमेकडे नेला. थांबायला हवं.

दुसऱ्या दिवशी पहाटे परतीचं निघायचं होतं. म्हणजे जे काय ऐकायचं ते आजच.

ड्रायव्हर म्हणाला, ओली वाळू काय गाणार? टेकडी बघितली, चला. त्याने दोन दगड शोधून आणून व्हॅनच्या मागच्या चाकांना लावले होते आणि सवयीने सावलीत सतरंजीही पसरली होती. बायको त्या सतरंजीवर बसली नाही. ती उन्हात, टेकडीकडे तोंड करून बसली. धाकटी व्हॅनमध्ये ओला रुमाल कपाळावर ठेवून पडली होती. तासामागून तास गेले. टेकडीचा माथा आधी वाळला. वरून खाली रंग उतरत आला, तपकिरीचा पिवळा, पिवळ्याचा जवळजवळ पांढरा. दुपार कलल्यावर व्हॅनवाल्याने पुन्हा मूठ भरली. या वेळी वाळू त्याच्या बोटांमधून पाण्यासारखी निघून गेली. त्याने हसून वर बोट दाखवलं.

बायको उठली, तिने चपला काढल्या.

"तू हो पुढे," ड्रायव्हर म्हणाला. "मी पोरीपाशी थांबतो."

ती वळली. रागावलेली दिसत नव्हती. "पोरगी काही कुक्कुलं बाळ नाही," ती म्हणाली. "आणि गाडी तुमची नाही. मी एकटीने जायचं का पुन्हा?"

तो सतरंजीवर अर्धा उठलेला, अर्धा बसलेला, तसाच क्षणभर राहिला. मग त्याने बूट काढले.

ती हळूहळू चढली, डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी. थोडं चढायची, बसायची, छातीवर हात ठेवायची, मान हलवायची, पुन्हा उठायची. वाळूत पाऊल टाकलं की अर्धं मागे येई. तो तिच्या कोपराला धरून होता, पण त्याची मान सारखी मागे वळत होती. व्हॅन आधी व्हॅनएवढी होती, मग काड्यापेटीएवढी झाली, मग शर्टाच्या बटणाएवढी. गाडीपासून इतकं लांब तो जागेपणी कधी आलाच नव्हता. घराला कुलूप न लावता निघालेल्या माणसासारखं त्याला वाटत होतं.

माथ्यावर पोहोचल्यावर मात्र मागे बघायचं त्याला सुचलं नाही.

टेकडीची धार इतकी बारीक होती, की एक पाय या उतरणीवर, दुसरा त्या उतरणीवर. पलीकडे मैदान होतं. त्याने मैदानं पाहिली होती, काचेतून, वायपरच्या मागून, डांबराच्या दोन बाजूंना. हे तसं नव्हतं. याला कडाच नव्हती. ढगांच्या सावल्या गवतावरून चालल्या होत्या, गावच्या गावं उचलून चालल्यासारख्या, आणि आवाज कसलाच नाही. शेवटी बर्फाचे डोंगर होते, पण जमिनीवर टेकलेले दिसत नव्हते, हवेतच थांबलेले होते. त्याचं तोंड उघडं राहिलं. दुसऱ्यांना हेच दाखवायला आपण नेत होतो का, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या विचाराने त्याला घाम फुटला.

"बसा की आता," बायको म्हणाली. ती धारेवर टेकली होती, धाप लागलेली, पण चेहरा उजळलेला.

तिला पाय सोडून नीट बसता यावं म्हणून त्याने धारेच्या खाली पाऊल रोवून थोडी वाळू ढकलली. ती वाळू घसरली. तिच्यामागे आणखी घसरली. आणि आवाज आला.

तो शिट्टीसारखा नव्हता. खालच्या पट्टीतला, जाड, भरलेला, घुंऽऽ असा. जणू मोठं डिझेल इंजिन सुरू होऊन जागच्या जागी धपापतं आहे. ड्रायव्हरच्या काळजात धस्स झालं. गाडी. कोणीतरी गाडी चालू केली. पोरगी आत झोपली आहे.

बायको काहीतरी म्हणाली, पण तोवर तो निघाला होता.

तो उतारावरून तोल सांभाळत, हात पसरून, टाचा रोवत पळत सुटला. पळता पळता आवाज वाढू लागला. कोणीतरी ॲक्सिलरेटर दाबत होतं. दुसरा गिअर, भरलेली बस, खडा चढ, अगदी तसाच आवाज. तो आणखी जोरात पळाला, आवाज आणखी चढला. त्याच्या पायांबरोबर सगळी उतरण खाली निघाली होती, घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. पण त्याचं लक्ष खालच्या त्या बटणावर होतं, जे आता पुन्हा काड्यापेटीएवढं झालं होतं. दगड निसटले असणार. चाक फिरलं असणार. आवाज आता कानात मावत नव्हता. तो ओरडला, पण स्वतःचं ओरडणं त्याला ऐकू आलं नाही.

पायथ्याशी तो गुडघ्यांवर पडला. उठून व्हॅनला दोन्ही हातांनी धरलं, जणू ती निघालीच होती.

व्हॅन उभी होती. दगड जागच्या जागी होते. धाकटी दचकून उठली, तिने दार उघडलं, बापाचा चेहरा बघितला आणि पांढरीफटक पडली. "बाबा, आईला काय झालं?"

"गाडी कोणी चालू केली?"

"कोणी नाही. बाबा, आई कुठे आहे?"

त्याने बॉनेटला कान लावला. आत सामसूम होती. किल्ली तर व्हॅनवाल्याच्या खिशात. आणि व्हॅनवाला बाजूला उभा होता, टोपी छातीशी धरून, टेकडीकडे बघत. त्याने ड्रायव्हरला मनगटाला धरून चार पावलं पुढे नेलं, त्याचा तळवा वाळूवर टेकवला. वाळू थरथरत होती. आतून. एखाद्या प्रचंड जनावराच्या पाठीवर हात ठेवावा तशी. मग त्याने वर बोट दाखवलं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत उतरणीवर एक लांब ओरखडा उठला होता, जिथून ड्रायव्हर पळत आला होता तिथे, आणि त्या ओरखड्यातून वाळू अजून वाहत होती आणि अजून घुमत होती. हळूहळू घुमणं खाली आलं, आणि थांबलं.

ते कशानं वाजलं हे ड्रायव्हरला आता कळलं. ज्यासाठी एवढं लांब आलो तेच पायाखाली वाजत होतं, आणि आपण त्यापासूनच पळालो. त्या माथ्यावर एक छोटी आकृती बसली होती. एकटी.

धाकटी धडपडत उतरली. "मी जाते वर. तुम्ही बसा, केवढे दमलात."

"नाही," तो म्हणाला. "तिने मला बोलावलंय."

दुसऱ्यांदा चढताना तो बहुतेक हातापायांवर होता. सूर्य डोंगरांकडे उतरू लागला होता. पाय घसरला की टेकडी जरा गुरगुरे, आणि तो थबके. पहिल्यांदा भीती वाटली. मग भीतीच्या जागी दुसरंच काही आलं, ज्याला त्याच्याकडे शब्द नव्हता. आयुष्यभर त्याने ऐकलेला प्रत्येक आवाज कोणीतरी केलेला होता. तेल होतं, पिस्टन होता, कोणाच्या तरी हातात किल्ली होती. या आवाजामागे कोणीच नव्हतं. वाळू होती, ऊन होतं, आणि त्याच्यासारख्या एका म्हाताऱ्याचं वजन होतं. तेवढ्यावर ही एवढी मोठी टेकडी बोलत होती, आणि तो आला नव्हता तेव्हाही बोलतच असणार, कोणी ऐकायला नसताना. तो माथ्यावर पोहोचला तेव्हा त्याला श्वास नव्हता आणि बोलायची हिंमतही नव्हती.

बायकोचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती.

"केवढ्याने वाजत होतात तुम्ही," ती म्हणाली.

"मला वाटलं, गाडी—"

"तुम्हाला काय वाटलं ते मला माहीत आहे." तिने शेजारची वाळू थोपटली. "इथे माझ्याखाली सगळी टेकडी हलत होती. माझ्या दातांत वाजत होती. आणि तुम्ही आपले हात हलवत चाललात." तिला पुन्हा हसू आलं, ते आवरेना, आणि ते आवरेपर्यंत त्याने तिचा हात धरून ठेवला. तिची नाडी बारीक होती, घाईत होती. तो घाबरला. ती म्हणाली, ठीक आहे मी, बसा.

तो बसला. दोघं बराच वेळ बसली. ढगांच्या सावल्या डोंगरांपर्यंत पोहोचून वर चढू लागल्या होत्या. मग ती म्हणाली, "आता दोघं."

उभं राहून उतरणं तिला झेपणारं नव्हतं. म्हणून ती बसूनच खाली सरकली, आणि तिच्या बरोबरीने तो. टाचांनी वाळू ओढत, एकमेकांचा हात धरून, लहान मुलं घसरगुंडीवर येतात तशी. पहिले चार-पाच हात काहीच झालं नाही. मग टेकडीने तो सूर धरला.

या वेळी तो पळत नव्हता, म्हणून या वेळी तो सूर त्याच्यात शिरला. आधी बैठकीतून, मग कण्यातून, मग बरगड्यांमधून. कानांनी ऐकायची ती गोष्टच नव्हती. हात, पोट, डोळ्यांची बुबुळं, सगळंच ऐकत होतं. आवाज बाहेरून येतो आहे की आपल्यातूनच निघतो आहे हे कळायला मार्ग नव्हता. धरलेल्या हातातून त्याला तिचंही थरथरणं लागत होतं, आणि त्यातलं टेकडीचं किती आणि तिचं किती, हे वेगळं करता येत नव्हतं. समोर मैदान सोन्यासारखं पेटलं होतं. त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाळूच्या लाटा खाली चालल्या होत्या, रुंद होत होत, एकीला एक लागून, आणि प्रत्येक लाट त्या एकाच सुरात सामील होत होती. त्याला वाटलं, आता ही सगळी टेकडी उठून चालू लागेल. त्याला वाटलं, लागली तर लागू दे.

पायथ्याशी ती दोघं थांबली, टेकडी थांबली नाही. त्यांच्या मागे ती कितीतरी वेळ घुमत राहिली. धाकटी तोंडावर हात ठेवून उभी होती. व्हॅनवाला, जो जन्मापासून हे ऐकत आला असेल, त्यानेही टोपी पुन्हा डोक्यावर घातली नव्हती. बायकोने डोकं ड्रायव्हरच्या खांद्यावर टेकलं आणि डोळे मिटले. त्याच्या नाकातोंडात वाळू होती. तो व्हॅनकडे पाठ करून तसाच बसून राहिला, वाळूचा शेवटचा कण थांबेपर्यंत, आणि थांबल्यावरही, अंधारू लागेपर्यंत.

घरी परतल्यावर धाकटीने ऑफिसात सांगितलं, त्या ठिकाणी फोटोत काही येत नाही आणि रस्ता वाईट आहे. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. ऑफिसाने पाण्यावरचं गाव निवडलं. आता तिथे रांग लागते म्हणतात.

बायको त्याच वर्षी, थंडी सुरू झाल्यावर, एका सकाळी झोपेतच गेली. ड्रायव्हर तिच्यानंतर सहा वर्षांनी, उन्हाळ्याच्या अखेरीस, न्यूमोनियाने गेला.